राणीला मूळ आलं

हं, सरका जरा. छबू, पाय आत घे. पांघरुणाची ओढाओढ करायची नाही, सगळ्यांना पुरेल एवढं आहे ते. आणि मधेमधे बोलायचं नाही, हुंकार तेवढा द्यायचा. ऐका.

एक राजा होता, आणि आपलं सगळं छान चाललंय असं त्याला वाटत होतं. चंद्रभान त्याचं नाव. राज्य सपाटीवरचं. जिकडे बघावं तिकडे भाताची खाचरं, आणि कोठारं अशी भरलेली की तिथले उंदीरसुद्धा निवडून निवडून खायचे. राजा मनानं फार चांगला, बरं का. त्याच्या दारातून कुणी रिकाम्या हातानं गेला नाही. त्याला द्यायला भारी आवडायचं. पण द्यायचा कसा? तर चारचौघांत, नगारा वाजवून, मोठ्या आवाजात. याच्याकडे काही नाही, याला द्या. याचं घर गळतं, याला द्या. मनात वाकडं काही नसायचं त्याच्या. घेणारा मान खाली घालून निघून जायचा, आणि राजाला वाटायचं, बिचारा किती भारावला. असतात अशी माणसं. आपल्याही नात्यात आहेत, मी नावं घेत नाही.

मग राजाचं लग्न झालं. राणी आणली लांबच्या डोंगरातून. जाई तिचं नाव. तिचा भाऊ सोमाजी तिथला नाईक होता. नाईक म्हणजे काय, तर चार घरं, मेंढ्यांचा कळप आणि कड्यावरून दिसणारं आभाळ, एवढ्याचा मालक. राणीला हसायला काही लागायचं नाही. चिमणी कौलावरून घसरली, हसली. प्रधानजींना शिंक आली, हसली. तिचं हसू कानावर आलं की राजा दरबारातलं काम अर्ध्यावर सोडून उठायचा. सगळे एकमेकांकडे बघायचे, पण राजाला त्याचं काही नसायचं.

आता एक गोष्ट सांगते ती नीट ध्यानात धरा. त्या काळी सासरी गेलेली मुलगी मनाला येईल तेव्हा माहेरी जात नसे. माहेराहून कुणीतरी न्यायला यावं लागे. भाऊ येई, नाहीतर चुलता येई. त्याला म्हणायचे मूळ येणं. मूळ आलं की पोरगी उड्या मारत गाठोडं बांधायची. आणि मूळ आलं नसताना नवऱ्यानंच बायकोला माहेरी धाडली, तर लोक म्हणायचे, हिला टाकली. म्हणून मुळाची वाट बघायची. प्रत्येक सासुरवाशीण सणावाराला उंबऱ्यात उभी राहून वाट बघायची. राणी झाली म्हणून काय झालं, तीही बघायची.

पंचमीच्या तोंडावर सोमाजी मूळ घेऊन आला. पायी आला, पावसातनं आला. त्याच्या बायकोनं नणंदेसाठी घोंगडी विणली होती, काळ्याभोर मेंढीच्या लोकरीची, काठाला पांढरी रेघ. वाटेत सोमाजी चिंब भिजला, पण घोंगडीला त्यानं थेंब लागू दिला नाही. पोटाशी धरून आणली. दरबारात आला, घोंगडी पुढे ठेवली, हात जोडले.

राजाला मेव्हणा आल्याचा आनंद झाला. खरंच झाला. तो हसत हसत म्हणाला, “अहो सोमाजी, हे कशाला आणलंत एवढ्या लांबून? असल्या घोंगड्या आमच्या पागेत घोड्यांवर घालतात.”

सगळा दरबार हसला. मग राजानं शाली मागवल्या, मोहरा मागवल्या, नगारा वाजला आणि सोमाजीच्या अंगावर एकावर एक शाली पडल्या. तुमच्याकडे हे कुठलं मिळायला, घ्या, लाजू नका, असं राजा म्हणत होता. सोमाजीचे कान लाल झाले होते. त्यानं खालच्या आवाजात विचारलं, जाईला न्यावी म्हणतो. राजा म्हणाला, त्या खोपटात तिला कशाला नेता, पावसापाण्याची आजारी पडेल, इथं सुखात आहे ती. सोमाजीनं पुन्हा हात जोडले आणि तो निघाला. शाली आणि मोहरा त्यानं गावाच्या शिवेवर एका झाडाखाली ठेवल्या, आणि आला तसा भिजत गेला. दरबारात हे चाललं होतं तेव्हा राणी पडद्याआडून बघत होती. तिनं सगळं बघितलं.

मग पुढच्या पंचमीला मूळ आलं नाही. दिवाळीला आलं नाही. त्याच्या पुढच्या साली आलं नाही. राणी काही बोलली नाही. सांगितलं असतं तर राजाला वाईट वाटलं असतं, आणि तो माणूस वाईट नव्हता, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती गप्प राहिली. आता मला विचाराल तर गप्प राहणं म्हणजे काही जपून बोलणं नव्हे, बरं का. जपून बोलायचं तर बोलावं तर लागतं. पण ती लहान होती, परक्या मुलखात होती, तिला कोण शिकवणार?

आणि मग राणी हलकी व्हायला लागली.

हलकी म्हणजे वजनानं हलकी. पहिल्यांदा झोपाळ्याच्या कड्या वाजायच्या थांबल्या. ती बसली काय, उठली काय, झोपाळ्याला पत्ताच नाही. मग दासींनी पाहिलं की वारा नसतानाही राणीचा पदर उडतो, आणि उडतो तो डोंगराच्या अंगाला. खिडक्या लावल्या तरी तिकडेच. मग एक दिवस तिच्या टाचा जमिनीवर टेकेनात. हसू तर कधीच बंद झालं होतं. राजा दरबारात बसायचा आणि मधेच कान द्यायचा. काही ऐकू यायचं नाही. त्याला त्या हसण्यावाचून चैन पडेना. रोज संध्याकाळी तो तिच्या दाराशी येऊन उभा राहायचा, आत जायचा नाही, नुसता उभा राहायचा आणि परत फिरायचा.

मग राजा उपाय करायला लागला. त्याचे उपाय काय असणार? द्यायचं. त्यानं सोनं दिलं. जाडजूड तोडे, कमरपट्टा, गळ्यात सरीवर सरी, म्हणजे वजनानं राणी खाली राहील. राणी सोन्यासकट वर उचलली गेली. मग राजानं अंगणात डोंगर बांधला. गाड्यांनी दगड आणले, करवंदीच्या जाळ्या मुळासकट उपटून आणल्या, मेंढ्या आणून सोडल्या. घे तुझं माहेर, आता तरी हस, असं म्हणाला. राणीनं त्या डोंगराकडे पाहिलं, आणि तिची पावलं जमिनीपासून चौरंगाएवढी वर गेली. मग राजानं तिसरा उपाय केला. भालेवाले शिपाई आणि रिकामी पालखी डोंगरात धाडली, नाईकाला सांगा मूळ घेऊन या, राजाचा हुकूम आहे. शिपायांना सोमाजीनं पोटभर जेवू घातलं, आणि गावातलं कुणी ऐकणार नाही असं बाजूला घेऊन सांगितलं की बाबांनो, मूळ माहेराहून निघतं, हुकमानं निघत नाही. शिपाई परत आले. आपल्या भावाच्या दारात भाले गेले होते, हे राणीला कळलं मात्र, ती सरळ तुळईला जाऊन टेकली.

राजा घाबरला. त्यानं आपला शेला काढला, एक टोक राणीच्या कमरेला बांधलं, दुसरं खांबाला. खिडकीतून गेली असती तर सावरीच्या कापसासारखी कुठल्या कुठे गेली असती, माहेरही नाही आणि सासरही नाही. शेला ताणलेला, वर राणी, खाली राजा. त्यानं विचारलं, “तुला हवंय तरी काय?”

“काही नको,” राणी म्हणाली. “तुम्ही सगळं दिलंत.”

मग राजानं पुन्हा गाड्या भरायला काढल्या. या खेपेला सोमाजीसाठी. रेशीम, तांदूळ, तांब्याची भांडी. म्हटलं, आपण स्वतः घेऊन जाऊ, इतकं देऊ की तो येईलच. राणीनं वरून, खिडकीतून त्या गाड्या पाहिल्या आणि डोळे मिटले. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण ते गालावरून खाली आलं नाही रे बाळांनो. ते वर गेलं, छताला जाऊन लागलं. राजा ते बघत राहिला. आपलं काय चुकतंय हे त्याला कळलं नाही, पण गाड्या नकोत एवढं कळलं. त्यानं गाड्या उतरवल्या. मुकुट काढून ठेवला, साधं धोतर नेसला, आणि राणीचा पदर ज्या अंगाला उडत होता त्या अंगाला एकटा चालायला लागला.

चालला, चालला. पायांना सवय नाही, टाचा फुटल्या. घरून काही बांधून घ्यायचं असतं हेही त्याला माहीत नव्हतं. शिदोरी कुणीतरी दुसरं माणूस बांधतं, एवढंच त्याला माहीत. मग एका रानात जिलेबीचा वास आला. बघतो तर एक राक्षस. हा एवढा ढेरपोट्या, रस्त्यात पंगत मांडून बसलेला, समोर कढई. राजाला बघून त्याला कोण आनंद झाला. बस, म्हणाला, जेव. राजा बसला. पहिली जिलेबी उचलली, तर राक्षसानं शेजारची घंटा वाजवली आणि साऱ्या रानाला ओरडून सांगितलं, बघा हो, हा उपाशी आला होता. झाडाझाडावरची माकडं गोळा झाली. दुसरी जिलेबी उचलली, पुन्हा घंटा. बघा हो, याच्या टाचा फुटल्यात, याला घरी कुणी नाही. पाखरं जमली. तिसरी उचलली तर राक्षस प्रेमानं त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, खा खा, असलं तुला कुठलं मिळायला. राजानं ती जिलेबी पानावर परत ठेवली. भूक तर अशी की पोटात आग. तरी तो उठला.

राक्षस कळवळून म्हणाला, “अरे, मी इतकं देतो, तरी माणसं पानावरून का उठतात रे? मला खरंच कळत नाही.”

राक्षस वाईट नव्हता, बरं का. तो खरंच विचारत होता. राजा थोडा पुढे गेला आणि एकदम थांबला. त्याला सोमाजीचे लाल झालेले कान दिसले. शाली दिसल्या, नगारा ऐकू आला, आणि आपलाच आवाज ऐकू आला. मग रस्त्याकडेच्या धोंड्यावर बसून तो रडला. मोठा माणूस, राजा माणूस, पण मुसमुसून रडला. माझ्या घरात माझ्या बायकोच्या भावाला मी असं केलं, आणि ती पडद्याआडून बघत होती, हे त्याला तेव्हा समजलं.

पुढे चढण लागली. दाट रान. भुकेनं राजाला अंधारी यायला लागली आणि तो एका झाडाखाली पडला. डोळे उघडले तर समोर अस्वलीण. बरोबर पिल्लू, आणि तोंडात मधाचं पोळं. राजाला वाटलं, संपलं आपलं. पण अस्वलिणीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, पोळं खाली ठेवलं, त्याच्या आणि तिच्या बरोबर मधोमध. मग ती पाठ फिरवून बसली आणि पिल्लाच्या अंगातले गोचीड काढायला लागली. सावकाश. जसं काही आज तेवढंच एक काम आहे. राजानं हात पुढे केला. अस्वलीण वळली नाही. त्यानं खाल्लं, बोटं चाटली, दाढीला मध लागला. तरी ती वळली नाही. त्याचं पोट भरल्यावरच ती उठली, उरलेलं पोळं हुंगलं, आणि पहिल्यापासून तेवढंच होतं असं तोंड करून चाटायला लागली.

राजाला तिला म्हणायचं होतं, तुझे उपकार झाले. शब्द अगदी ओठावर आले. पण मग त्याच्या मनात आलं, हिनं आपल्याकडे पाठ का केली असेल? आणि त्यानं काय केलं सांगू? तोही पाठ करून बसला. त्याच्या हातून मधाचे थेंब सांडले होते, ते पिल्लू त्याच्या मागे येऊन निवांत चाटून गेलं. हसताय काय? राजा आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी शिकला होता.

मग कडा चढून राजा सोमाजीच्या गावात आला. चार घरं, सारवलेली अंगणं, दारात मेंढ्या. सोमाजी लाकडं फोडत होता. त्यानं मान वर केली, आणि त्या धुळीतल्या माणसाला एका क्षणात ओळखलं. कुऱ्हाड खाली ठेवली. आत गेला, तांब्या भरून आणला आणि पाय धुवायला पाणी दिलं, कुठल्याही पाहुण्याला देतात तसं. राजानं पाय धुतले. पाणी फुटलेल्या टाचांना झोंबलं. मनात त्यानं ठरवून टाकलं होतं की आता सोमाजीच्या पायावर डोकं ठेवायचं आणि सगळ्यांच्या समोर म्हणायचं, मी तुमचा अपमान केला.

तेवढ्यात अख्खं गाव गोळा झालं. जाईचे यजमान आले, पायी आले, केवढं अप्रूप. वहिनी चुलीपुढे बसून नाचणीची भाकरी थापायला लागली. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई होती धुरपा. ती काठी टेकत पुढे आली आणि राजाच्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाली, “तुमच्या दरबारात आमच्या घोंगडीचं लई कौतुक झालं म्हनं. सोमाजी सांगत हुता. जाईला वाड्यात काम लई, म्हणून यायला जमत न्हाई, असं बी म्हणाला. खरं का वो?”

राजानं सोमाजीकडे पाहिलं. सोमाजी खाली बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

तेव्हा राजाला कळलं. या माणसानं त्या दिवसाबद्दल गावात कुणाला काही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, म्हातारीला नाही. आपल्या बहिणीच्या घराला गावात कुणी नाव ठेवू नये म्हणून सगळं एकट्यानं गिळलं होतं. आता राजानं सगळ्यांदेखत माफी मागितली असती, तर राजाचं मन मोकळं झालं असतं, आणि सोमाजी आपल्याच अंगणात खोटा पडला असता. बघा कसा पेच आला. खरं बोलावं तर याची मान जाते. खोटं बोलावं तर ही तर घोड्यांवर घालायची घोंगडी असं स्वतःच म्हणालेला, त्याला ते शोभेल का? सगळे राजाच्या तोंडाकडे बघत राहिले. वहिनीचा भाकरीवरचा हात थांबला.

राजा सावकाश म्हणाला, “आजी, खरं सांगू? कौतुक करायला घोंगडी नीट बघावी लागते. मला तेव्हा बघताच आली नाही. म्हणून आलोय. कशी विणतात ते दाखवाल मला?”

यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि कुणाला ते लागलंही नाही. धुरपाबाई तर अशी खुलली की विचारू नका. तिनं राजाला हाताला धरून नेलं, लोकर पुढ्यात टाकली, सूत कातायला बसवलं. राजानं कातलं की तुटायचं. पुन्हा कातलं की पुन्हा तुटायचं. पोरं फिदीफिदी हसायला लागली, मग बायका हसल्या. शेवटी सोमाजी हसला, आणि त्याचं हसणं अगदी जाईसारखं होतं. ते ऐकून राजाला घर आठवलं, छताला टेकलेली राणी आठवली, आणि हातातलं सूत दिसेनासं झालं.

मग पानं मांडली. भाकरी, लसणाची चटणी आणि मेंढीचं दूध. राजा जेवला. पान स्वच्छ केलं आणि म्हणाला, वहिनी, अजून एक वाढा. वहिनीनं वाढली. बोलायची वेळ झाली होती हे सगळ्यांना कळत होतं, पण कुणी घाई केली नाही. राजानं हात धुतले, आणि मागायला आलेला माणूस बसतो तसा खाली, सोमाजीसमोर बसला.

“सोमाजीराव,” तो म्हणाला, “माझ्यानं होत नाही असं एक काम आहे. जाईला माहेराहून मूळ यायला हवं. ते मला आणता येत नाही, विकत मिळत नाही. ते तुमच्याच हातात आहे. तुम्हाला जमेल तेव्हा या. मी वाट बघीन.”

सोमाजीनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाला, “दाजी, बहिणीला न्यायला सणच कशाला पायजे? येतो मी.”

सोमाजी त्याला “दाजी” म्हणाला, ऐकलंत ना? आधी महाराज म्हणायचा.

राजाला वाटत होतं, याला आत्ताच बरोबर घेऊन जावं, धावत न्यावं. शेला तुटला तर? पण मग ते मूळ कसलं, तो तर राजानं आणलेला माणूस. म्हणून सकाळी तो एकटाच निघाला. सोमाजी त्याला गावाच्या वेशीपर्यंत पोचवायला आला. वहिनीनं बांधून दिलेली भाकरी त्यानं राजाला दिली आणि राजानं ती दोन्ही हातांनी घेतली. तिथं कुणी नव्हतं. दोघंच होते. तेव्हा राजा म्हणाला, “त्या दिवशी मी चुकलो.”

“जाऊ द्या दाजी,” सोमाजी म्हणाला. एवढंच. पण राजाच्या छातीवरचा दगड उतरला. बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि जिथं बोलायचं तिथंच बोलून झालं होतं.

राजा घरी आला तेव्हा शेल्याचा एकच धागा उरला होता, बाकी सगळा विरला होता. राजानं दुसरा शेला बांधला नाही. त्यानं खांबाकडचं टोक हातात धरलं आणि खाली बसून राहिला. कुठं गेला होता, काय केलं, राणीला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मूळ भावाचं राहिलं नसतं, राजाचं झालं असतं. आणि भाऊ यायला उशीर झाला, तर तिनं पुन्हा उंबऱ्याकडे डोळे लावून बसायचं का? म्हणून तो एकटाच वाट बघत होता. ती वरून डोंगराकडे बघायची, तो खालून तिच्याकडे बघायचा. मूळ येण्याची वाट बघणं म्हणजे काय असतं, हे त्या राज्यातल्या कुठल्याच पुरुषाला माहीत नव्हतं. आता एकाला माहीत झालं.

आणि एका सकाळी फाटकातून सोमाजी आला. पायी आला. नगारा वाजला नाही, चोपदार ओरडला नाही. राजानं कुणालाच बोलावलं नाही. स्वतः तांब्या घेऊन गेला आणि पाय धुवायला पाणी दिलं. सोमाजी आत आला, वर पाहिलं, आणि रोज शेजारच्या घरातून हाक मारावी तशी हाक मारली.

“जाई, चल. घरी सगळी वाट बघत्यात.”

राणी खाली यायला लागली. आधी पायाची बोटं टेकली, मग टाचा टेकल्या, मग ती धपकन खालीच बसली, इतकी ती जड झाली होती. भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली, आणि पाणी गालावरून नीट खाली आलं. राजा खांबाआड उभा होता. खांबाला बांधलेली शेल्याची गाठ त्यानं हळूच सोडून घेतली.

मग गाठोडं बांधलं. सोन्याचे तोडे, कमरपट्टा, सऱ्या, सगळं काढून ठेवलं, वाटेत टोचतं म्हणून. निघताना राणी राजाजवळ आली. आता काय बोलावं? लवकर ये, असं राजाच्या तोंडावर आलं. त्यानं ते गिळलं, कारण मग ती तिकडे दिवस मोजत बसली असती. कितीही दिवस राहा, असं तोंडावर आलं. तेही गिळलं. तिला वाटलं असतं, इथं माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही.

मग तो म्हणाला, “सावकाश जा. मी इथंच आहे.”

राणीनं त्याच्याकडे पाहिलं. किती दिवसांनी नीट पाहिलं. आणि इतकी वर्षं जी गप्प राहिली होती, ती एका दमात बोलून मोकळी झाली. म्हणाली, “मला दर साली माहेरी जायचंय. आणि तिथून परत न्यायला तुम्हीच या. पालखी धाडू नका, शिपाई धाडू नका. चालत या. बरं, येते मी.”

राजाला तिचं कुठलंही हसणं इतकं गोड लागलं नव्हतं, जितकं हे मागणं लागलं. तो मान हलवून हो म्हणाला.

बहीणभाऊ निघाले. दिसेनासे होईपर्यंत राजा दारात उभा राहिला. मग त्यानं खाली पाहिलं. सकाळीच सडा घातला होता, अंगण ओलं होतं, आणि त्या ओल्या अंगणात राणीची पावलं उमटली होती. चांगली खोल, टाचेसकट, फाटकाकडे गेलेली. दासी खराटा घेऊन आली तर राजानं तिला हातानंच परत जा म्हटलं, आणि तो तिथंच, पावलांच्या कडेला, पायरीवर बसला. त्याला करमणार नव्हतं, हे त्याला माहीत होतं. पण त्याला त्याचं वाईट वाटलं नाही.

पुढे काय होणार? राजा चालत गेला, राणीला घेऊन आला, आणि दर साली मूळ येत राहिलं. राजा देत राहिलाच, देण्याचा सोस का सुटतो? पण नगारा काही पुन्हा वाजला नाही. ती सुखी झाली, तोही झाला, सोमाजीच्या मेंढ्यासुद्धा झाल्या. आता तुम्ही झोपा. छबू झोपलीच वाटतं. दिवा मी बारीक करते, हं.